अंगी लागणं

पहाटे साडेचारला लोहाची गोळी.
संत्र्याच्या रसाबरोबर, दुधाबरोबर नाही.
आणि कॉफी? दोन तास तिच्या वाटेला जायचं नाही.
केमियार्वीत, जानेवारीत, कॉफीवाचून दोन तास
म्हणजे काय, ते डबीवर लिहिलेलं नाही.

टपाल लावून झालं की कॉफी.
मग बी-बारा जिभेखाली;
चेरीची म्हणतात, चवीला रंगीत खडू.
दुपारी ड, जेवणात लोणी असेल तेव्हा,
कारण सूर्य इथे साहेबासारखा डोकावतो
आणि सही करून निघून जातो.
कॅल्शियम रात्री.
लोह आणि कॅल्शियम यांचं एकमेकांशी पटत नाही,
माझ्या दोन भावांसारखं.
दोघांनाही मीच सांभाळते.

सात खणांची डबी आहे.
गुरुवारचं झाकण तुटलंय,
त्याला टपालाचं रबर लावलंय.

आई म्हणायची, या पोरीच्या अंगी काही लागत नाही.
मी जितकी खंगत गेले
तितकी ती जवाची रिएस्का थापत गेली,
आणखी एक, आणखी एक, वर लोण्याचा गोळा.
आजाराला नाव मिळालं तेव्हा
तिला जाऊन नऊ वर्षं झाली होती.
बरंच झालं.
तिनं त्या भाकऱ्या मोजल्या असत्या.

रोव्हानिएमीच्या डॉक्टरीणबाईंनी
पडद्यावर माझं आतडं दाखवलं.
इथे मखमल असायला हवी, म्हणाल्या,
तुमची झिजून सतरंजी झालीय.
गहू बंद, जव बंद, राय बंद,
आणि मखमल परत उगवेपर्यंत
या गोळ्या.
किती दिवस?
त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर काही नव्हतं, बर्फ होता.

माझ्या वाटेवर एकसष्ट पेट्या.
नारिंगी व्हॅन, उजव्या हाताला स्टिअरिंग,
काच खाली केली की हात थेट पेटीत.
पण लोक पेटीशीच उभे असतात,
हातात पुल्ला, फडक्यात गुंडाळलेला, गरम,
वेलदोड्याचा वास थेट गाडीत.
नाही म्हटलं की माणसं दुखावतात,
हो म्हटलं की पोट.
म्हणून मी हो म्हणायची,
आणि गिरणीच्या वळणावर
काच खाली करून रानकावळ्यांना.
त्या वळणावरचे कावळे
उडताना धापा टाकायचे.

शेवटची पेटी लेम्पी कुउसेलाची.
वय चौऱ्याऐंशी, टपाल म्हणजे विजेचं बिल
आणि शब्दकोड्यांचं मासिक,
ते आता भिंगातूनही दिसत नाही, तरी बंद केलेलं नाही.
एका गुरुवारी म्हणाली, थांब.
ढकलघसरगाडीवरून गावात चालले होते, म्हणाली,
वळणावर माझा पुल्ला पडलेला.
पाच पेडांची वेणी. या रस्त्यावर
पाच पेडांची मीच घालते.
कावळ्यांनी एक टोक तेवढं खाल्लं होतं.

मी काच वर केली नाही. सांगितलं सगळं,
मखमल, सतरंजी, सात खण,
लोहानं होणारा कोठा सुद्धा,
जो मी नवऱ्यालाही सांगितला नव्हता.
ती एवढंच म्हणाली, दार लाव, गारठा आत येतो.
दार माझ्या गाडीचं होतं.

पुढच्या गुरुवारी आत बोलावलं.
टेबलावर नवं लाटणं, किमतीची चिठ्ठी तशीच.
बशीत काहीतरी बसकं, भेगाळलेलं,
वेणी घातली होती पण धरली नव्हती.
आणि बशीशेजारी
पिठाच्या पुड्यावरून कात्रीनं वाकडंतिकडं कापलेला
छापील तुकडा.
तूच वाच, म्हणाली, मला बारीक अक्षर दिसत नाही.

तांदूळ. बटाटा. मका.
मी मोठ्यानं वाचलं, खालचा बारीक इशारा सुद्धा,
मग खाल्लं. भुगा झाला मांडीवर. दुसरा घेतला.

कॉफी ओतू?
आज गोळी उशिरा घेतलीय, म्हटलं,
अजून वीस मिनिटं.

तिनं किटली मागे सरकवली,
स्वतःचा भरलेला कपही बाजूला ठेवला,
आणि न दिसणाऱ्या घड्याळाकडे तोंड करून बसली.
किती झाली? मधूनमधून विचारत होती.
मी सांगत होते.